नाही हो, आम्ही कुठेच निघालेलो नाही

सिॲटलच्या एका मरीनाच्या (म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागेच्या) लाँड्रीत बसून हे लिहितेय, आम्ही इथे बोटीवरच राहतो. मशीनवर ३४ मिनिटं दिसतायत आणि बोटीवर जावं म्हटलं तर आत्ता ओहोटी आहे. जूनमध्ये इथे मोठी ओहोटी नेमकी भर दुपारी येते (हिवाळ्यात ती रात्री येते, तेव्हा झोपेत कोणाला पत्ता लागत नाही) आणि तेव्हा डॉकवर, म्हणजे बोटींच्या तरंगत्या फलाटावर, उतरायचा रॅम्प असा काही उभा होतो की सामानाची ढकलगाडी आपण नेत नाही, ती आपल्याला नेते. गाडीत २० पौंडांची तांदळाची पिशवी, डाळी, थोडी कणीक आणि दोन नारळ पडलेत. म्हणजे चार वाजेपर्यंत मी निवांत.

परवा पुण्याच्या मैत्रिणीचा व्हॉट्सॅपवर मेसेज आला, मग काय, जगप्रवासाला कधी निघताय? हा प्रश्न गेली चार वर्षं आम्हाला झाडून सगळे विचारतात, नातेवाईक, डेंटिस्ट, बँकेतली मुलगी, सगळे. शिडाची बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर निळा समुद्र, डॉल्फिन आणि टोपी घातलेला नवरा येतो. खरं सांगायचं तर आमची बोट वर्षातून फार तर २५-३० दिवस दोऱ्या सोडून बाहेर पडते. उरलेले दिवस ती बांधलेली असते आणि आम्ही तिच्यात राहतो, भाजी निवडतो, बिलं भरतो, भांडतो. मला विचाराल तर मी ६२ व्या वर्षी परत चाळीत राहायला आले, एवढंच झालंय.

मी गिरगावातली. दहा बाय बाराची खोली, मागे चिंचोळं स्वयंपाकघर, माणसं सात. आमचे हे सोलापूरचे, वाड्यात वाढलेले, चौक, परस, माळवद, सगळं ऐसपैस. समुद्राशी ह्यांचा संबंध म्हणजे लहानपणी एकदा जुहूला भेळ खाल्ली तेवढाच. पण सिॲटलला आल्यावर ऑफिसातल्या कोणीतरी एकदा शिडाच्या बोटीवर नेलं आणि ह्यांना ते वेड लागलं ते लागलंच. आधी क्लास, मग भाड्याच्या बोटी, मग शनिवार-रविवार नुसतं जुन्या बोटी बघत फिरणं. आणि मी, जिचं अख्खं बालपण चौपाटीपासून चालत दहा मिनिटांवर गेलं, मला पोहता पण धड येत नव्हतं, कारण आजीचा नियम होता, समुद्र बघायचा, त्यात शिरायचं नाही.

२०२१ मध्ये दोघं रिटायर झालो, सिॲटलजवळच्या समामिशचं घर विकलं. चार बेडरूम, तीन बाथरूम आणि राहणारी माणसं दोन. मुलगी पोर्टलंडला, ती म्हणाली आई तुम्हा दोघांचं डोकं फिरलंय का. मी म्हटलं बाबांचं आधीच फिरलेलं होतं, माझं आत्ता फिरतंय. बोट आहे ३८ फुटी, १९८४ ची, मधोमध रुंदी १२ फूट आणि दोन्हीकडे निमुळती होत जाते, म्हणजे एकूण जागा साधारण आमच्या गिरगावच्या खोलीएवढी. ह्यांनी पहिल्या महिन्यात दारात रोज डोकं आपटलं. मला एकदाही लागलं नाही. एका वस्तूचे तीन उपयोग, डब्यात डबा, गादीखाली लोणची, जे वर्षभर लागलं नाही ते घरात नको, हे सगळं मला कोणी शिकवावं लागलंच नाही, ते हातात होतंच, मधली तीस वर्षं मोठ्या घरात झोपलं होतं इतकंच.

आम्ही राहतो ते शिलशोल बे मरीना. बॅलार्ड भागात आहे, प्युजेट साउंड नावाच्या समुद्राच्या खाडीच्या काठावर, सिॲटल बंदराच्या मालकीचं. सुमारे १४०० बोटींची जागा आणि त्यातल्या तीनशेच्या वर बोटींवर आमच्यासारखी माणसं बारा महिने राहतात. त्यांना लिव्हअबोर्ड म्हणतात. कोणीही उठून राहायला येऊ शकत नाही हं, त्याची वेगळी परवानगी लागते, वेगळी फी असते, त्यासाठी थांबावं लागतं. जागेचं भाडं बोटीच्या फुटावर. सगळं धरून गावात एका बेडरूमच्या फ्लॅटला जे भाडं पडतं त्याच्या जवळपास निम्म्यात आमचं भागतं, पण बोटीवर दर वर्षी काही ना काही मोडतं तो खर्च ह्यात धरलेला नाही, तो धरला की हे विषय बदलतात.

समोर पाणी, पलीकडे ऑलिंपिक नावाचे डोंगर, मागे टेकडी आणि टेकडीखालून रेल्वे जाते, रात्री-बेरात्री मालगाड्या. पहिल्यांदा कोणी यायचं असेल तर आम्ही सांगतो पुतळ्यापाशी या. लीफ एरिकसन ह्या जुन्या नॉर्स दर्यावर्द्याचा पुतळा आहे, १९६२ साली बसवलेला, कारण बॅलार्ड हे जुनं नॉर्वे-स्वीडनकडून आलेल्या कोळी-सुतार लोकांचं गाव, आणि पुतळ्याच्या भोवती जे दगड आहेत त्यांच्यावर त्या आलेल्या माणसांची नावं कोरलीयत. आपल्याकडचे पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात हा कोण. मी सांगते, हा पण दुसरीकडून आलेला.

आता दिवस कसा जातो ते सांगते.

सकाळी जाग येते ती दोन आवाजांनी. एक समुद्रसिंह, ते बाहेरच्या बाजूला पडलेले असतात आणि घशात काहीतरी अडकलेल्या कुत्र्यासारखे भुंकतात. दुसरा म्हणजे कोणाच्या तरी डोलकाठीवर दोरी टणटण आपटत असते, शिडं वर ओढायची दोरी, ती नीट बांधली नाही की वाऱ्याने ॲल्युमिनियमवर आपटते, रात्रभर. चाळीत कोणाचा तरी नळ ठिबकायचा तसं. आणि चाळीसारखंच, कोणाची दोरी वाजतेय हे सगळ्यांना माहीत असतं आणि सांगायला कोणी जात नाही. मग एक दिवस कोणीतरी गुपचूप जाऊन ती बांधून येतं. दोनदा ते कोणीतरी म्हणजे मी होते.

उठल्यावर पहिलं काम चहा नाही, पहिलं काम हीटर बंद करणं. किनाऱ्यावरून बोटीला ३० अँपिअरची एकच वायर येते. हीटर आणि विजेची किटली एकदम लावली की ब्रेकर पडतो, आणि तो डॉकवरच्या खांबावर असतो, म्हणजे ऐन थंडीत पावसात स्वेटरवर रेनकोट चढवून बाहेर. आता दोघांना सवय झालीय, एकजण ओरडतो "किटली!" की दुसरा हीटर बंद करतो. नंतर भिंती पुसणं. बाहेर थंडी, आत दोन माणसांचे श्वास आणि वरण-भाताची वाफ, सगळी आतल्या भिंतींवर आणि खिडक्यांवर जमते. पहिल्या हिवाळ्यात गादी उचलून बघितली तर खाली बुरशी, माझी एक पैठणी थोडक्यात वाचली. तेव्हापासून डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू. थंडीत रोज दोन-दोन लिटर पाणी निघतं त्यातून, मी ते बघते आणि मनात म्हणते एवढं हे आपण अंगावर घेऊन झोपत होतो.

स्वयंपाक. ह्यावर सगळ्या बायका विचारतात म्हणून जरा सविस्तर. शेगडी गॅसवर आहे, टांगलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बोटीच्या पोटात जाऊन साठतो आणि एका ठिणगीचं काम, म्हणून सिलेंडर बाहेर वेगळ्या कप्प्यात आणि आत एक स्विच, स्वयंपाक झाला की तो बंद करायचाच. मी तो रोज तीनदा बघते, ह्यांना वाटतं मी वेडी आहे, वाटू दे. कुकरचं मात्र बोटीवर फार कौतुक आहे, अगदी गोऱ्या लोकांतही. झाकण घट्ट बसतं, हेलकाव्यात सांडत नाही, गॅस कमी लागतो. शेजारचे म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर फेरीबोटींवर इंजिनरूममध्ये काम केलेले, त्यांनी माझा कुकर बघून तसाच मागवून घेतला आणि आता तिसऱ्या शिट्टीला मी आतून सांगते बंद करा.

पोळ्या लाटते चार्ट टेबलवर. नकाशे पसरून दिशा आखायचं ते टेबल, बोट बांधणाऱ्याने किती विचार करून बनवलं असेल, त्यावर आता पोळपाट बरोब्बर बसतो आणि वरचा दिवा पण अगदी पोळीवर पडतो. ह्यांचे नकाशे टॅब्लेटवर आहेत, त्यांना कशाला हवं टेबल. फोडणीचं मात्र कठीण आहे. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म. आधी वरचं झाकण उघडायचं, मग तेल तापवायचं, आणि मग काय, हिंग-लसणीचा वास चाळीस बोटींपर्यंत. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता रविवारी चार-पाच जणं उगीचच दोरी तपासायला आमच्या बाजूला फिरकतात.

पाणी नळीने भरायचं. अंघोळ बहुतेक वेळा मरीनाच्या बाथरूमला, कार्ड दाखवून दार उघडायचं, बादली-टॉवेल घेऊन चालत तीन-चार मिनिटं. इथेही चाळच की. फरक एवढाच की तिथे गॅलरीत उभं राहून दार वाजवावं लागायचं.

आणि ज्याबद्दल कोणी विचारत नाही पण सगळ्यांना विचारायचं असतं ते. संडास बोटीवर आहे, त्याची टाकी आहे, आमची ११५ लिटरची, ती दर आठ-दहा दिवसांनी रिकामी करून घ्यावी लागते, पंपाची बोट येते आणि नळीने ओढून नेते. पाण्यात सोडायचं अजिबात नाही, २०१८ पासून अख्ख्या प्युजेट साउंडमध्ये त्याला बंदी आहे, प्रक्रिया केलेलं असलं तरी. टाकी भरत आली की ह्यांचा चेहरा असा होतो जसा पूर्वी ऑफिसची डेडलाईन आली की व्हायचा. बस, ह्यापेक्षा जास्त सांगत नाही.

भरती-ओहोटीचं मला सगळ्यात आवडतं. आजीला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ होती आणि तिथीवरून ती भरती सांगायची. चतुर्थी, चार पाउणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमी, आठ पाउणे सहा, सहाला. मुंबईत हे बऱ्यापैकी जमतं, मी लहानपणी चौपाटीवर जाऊन ताडून पाहिलंय. इथे आल्यावर मोठ्या उत्साहाने कालनिर्णय काढलं, गणित केलं आणि सपशेल तोंडावर पडले. इथलं पाणी लांबच्या सामुद्रधुनीतून वळसे घेत आत येतं, त्याची वेळच वेगळी, शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक अगदी तळ गाठते आणि दुसरी नावाला. त्यामुळे आता छापील टाईड टेबल भिंतीवर आणि कालनिर्णय त्याच्या शेजारी. पण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं ते इथेही येतंच, चंद्र काय तोच आहे.

डॉक तरंगते असतात, बोटीबरोबर वर-खाली होतात, त्यामुळे आत बसलेल्याला काही कळत नाही. कळतं ते रॅम्पवर. मोठ्या दिवशी पाणी बारा-चौदा फूट खालीवर होतं, म्हणजे सकाळी सपाट असलेला रस्ता दुपारी जिना. मग बाजारहाट, पाहुणे, डॉक्टर, सगळं टाईड टेबल बघून. बेलव्ह्यूच्या मैत्रिणीला मी एकदा सांगितलं की मी साडेचारच्या आधी नाही निघू शकत, खाली भरती नाहीये, ती म्हणाली काय बहाणे शोधतेस.

आता ह्यांच्या पडण्याची गोष्ट. मागच्या फेब्रुवारीत एका हातात पिशवी, एका हातात फोन, आणि बोटीवर चढताना पाय घसरला तो थेट डॉक आणि बोटीच्या मधल्या फटीत. इथलं पाणी वर्षभर ८ ते १३ डिग्री असतं, फेब्रुवारीत ८ च धरा. त्यात पडलं की पहिल्या मिनिटात माणूस गारठून जात नाही, त्याचा श्वासच ताब्यात राहत नाही, नुसता धापा टाकतो, हाक सुद्धा मारता येत नाही. मी आत मिक्सर लावला होता. मला काहीही ऐकू आलं नाही. शेजारच्या फेरीबोटवाल्या आजोबांनी पाण्यावर कोथिंबिरीची जुडी तरंगताना पाहिली आणि त्यांना वाटलं काहीतरी गडबड आहे. ते आले, त्यांनी आणि अजून एकाने ह्यांना डॉकच्या शिडीपर्यंत ओढत नेलं. मी बाहेर आले तेव्हा हे ब्लँकेटमध्ये बसलेले, ओठ निळे, आणि मला म्हणतात, "फोन गेला गं." फोन!!

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला, अंधारात किंवा डॉक ओला असताना लाईफ जॅकेट घातल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही. अगदी लाँड्रीला जाताना पण. लोक हसले तर हसोत. आणि मी मिक्सर लावायच्या आधी आता बाहेर डोकावते.

अहो-जाहोचं पण एक सांगायचंय. लग्नाला ३९ वर्षं झाली, मी ह्यांना कधी अरे-तुरे केलं नाही, सासूबाईंच्या समोर सवय लागली ती लागली. पहिल्यांदा बोट जागेवर लावत होतो, वारा बाजूने, हे सुकाणूवर, मी पुढे दोरी घेऊन, आणि शेजाऱ्याची चकचकीत बोट दोन फुटांवर. "अहो जरा मागे घेता का" एवढं म्हणायला वेळच नसतो हो. मी जी ओरडले, "अरे मागे घे, मागे!" ते सगळ्या डॉकने ऐकलं, नशिबाने मराठी कोणाला येत नाही. संध्याकाळी चहा पिताना ह्यांनी हळूच विचारलं, तू मला अरे म्हणालीस का? मी म्हटलं कॅप्टनला म्हणाले, तुम्हाला नाही. आता दोघांना कानात घालायचे हेडसेट घेतलेत, इथले लोक त्यांना लग्न वाचवणारे म्हणतात, सौम्य आवाजात बोलता येतं. पण अरे राहिलंच, फक्त बोट लावताना.

तळाची साफसफाई आणि रंग करायला बोट आम्ही आत गोड्या पाण्याच्या कालव्यात नेतो, आणि त्यासाठी बॅलार्डचे लॉक्स पार करायचे. १९१७ चे आहेत. समुद्र खाली, तलाव वर, मधे बंद हौद, तुम्ही आत शिरता, मागचं दार बंद, पाणी चढतं, पुढचं दार उघडतं. वरून शंभर टुरिस्ट आइस्क्रीम खात बघत असतात. नवरा-बायकोने भांडू नये अशी जगात एखादी जागा असेल तर ती ही. उन्हाळ्यात पाहुण्यांना आम्ही बोटीने नाही, चालतच तिथे नेतो, शेजारी माशांसाठी पायऱ्या केल्यात, काचेतून सामन मासे प्रवाहाच्या उलटे वर चढताना दिसतात. माझी कोकणातली मामेबहीण आली होती, दहा मिनिटं एकटक बघत राहिली आणि म्हणाली, एवढे समोर असून कोणी पकडत नाही?

हिवाळा कठीण असतो हे कबूल करते. डिसेंबरात सूर्य आठला उगवतो आणि चार-वीसला मावळतो, आणि मधल्या वेळात तो दिसेलच असं नाही. हे दोन महिने मी दर वर्षी म्हणते आता पुरे, एखादा फ्लॅट बघू. १९ नोव्हेंबर २०२४ ला मोठं वादळ झालं, बॉम्ब सायक्लोन म्हणत होते टीव्हीवर. सगळ्यांचे फोन, बोटीवर काय करताय, इकडे या. पण वारा होता पूर्वेकडून, आणि आमच्या पूर्वेला टेकडी. आम्ही दोऱ्या दुप्पट केल्या, रात्रभर झोप नाही, पण लाईट राहिले. आणि जी मंडळी बोलवत होती, समामिश-इसाक्वाची, त्यांच्याकडे झाडं पडून चार-चार दिवस अंधार. तिसऱ्या दिवशी तीन कुटुंबं आमच्याकडे, अकरा माणसं ३८ फुटांत, सगळ्यांचे फोन चार्जिंगला, हीटर बंद कारण चार्जर आणि किटली... अकरा माणसं असल्यावर हीटर लागत नाही म्हणा. पिठलं-भात केला. पोरं पुढच्या केबिनमध्ये एकावर एक झोपली. आमच्या गिरगावच्या घरी दिवाळीत असंच असायचं, पाय ठेवायला जागा नाही आणि कोणाला घरी जायची घाई नाही.

गणपती मात्र आम्ही छोटाच आणतो, शाडूचा, सहा इंची. पाच दिवस चार्ट टेबलवर बसतो (पोळ्या बंद, त्या दिवसांत भातच). विसर्जन बादलीत. पहिल्या वर्षी शेजारणीने विचारलं, चारी बाजूंनी समुद्र असताना तुम्ही बादलीत का बुडवता? मी म्हटलं, इथे पाण्यात काही टाकायला परवानगी नाही, देवाला पण नाही. तिला ते इतकं पटलं की ती सगळ्यांना सांगत सुटली. माती मुलीच्या बागेत जाते, पोर्टलंडला.

पाणमांजरांबद्दल लिहायचं राहिलं, ती आमच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या उघड्या बैठकीत, येऊन खेकडे खातात आणि जे करून जातात त्याचा वास... जाऊ दे, ते दुसऱ्या वेळी.

मशीन थांबलंय. खिडकीतून बघतेय तर रॅम्प अजून उभाच आहे, पण हे खालून हात करतायत, लाईफ जॅकेट घालून, भर उन्हात, आणि सोबत ते आजोबा ढकलगाडी घेऊन. म्हणजे तांदूळ आत्ताच उतरवायचा बेत दिसतोय. पिशवी गाडीला बांधायला दोरी हवी, बघते.